जुन्नरचा यवन आणि त्याचा भोजनमंडप

मैत्रिणींनो, जुन्नरला जायचं म्हटलं की आपण शिवनेरीवर शिवाईला ओटी भरतो, शिवजन्माची जागा बघतो, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गणपतीला हात जोडतो आणि परतीची एस.टी. धरतो. आम्हा आंबेगाव तालुक्यातल्या बायकांची तर ही ठरलेली सहल. पण पुढच्या खेपेला तिथे आणखी एका माणसाची आठवण काढा. त्याचं नाव चिट.

हा चिट ‘यवन’ होता, म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचा परदेशी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. यवन चिट याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला, असा ब्राह्मी लिपीतला लेख जुन्नरच्या लेण्यांत आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. एकाने पाणी दिलं, एकाने जेवायची जागा! रोज पंगत सांभाळणाऱ्या बाईला या दानाचं मोल वेगळं सांगायला नको.

ही माणसं इतक्या लांब आली कशी? त्यासाठी नाणेघाट बघायला हवा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणला जायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे आणि वर तो प्रसिद्ध दगडी रांजण. व्यापाराच्या अशाच वाटेने परदेशी माणसं इथवर पोचली असणार.

आता चिटला काही हॉटेलमालक म्हणता यायचं नाही. भिक्षूंकडून बिल कोण घेणार? पण परमुलखातून येऊन इथल्यांच्या जेवणाची सोय करणारी माणसं पुढेही येत राहिली. इराणच्या यझ्द-करमान भागातून झरतुष्ट्री मंडळी मुंबई-पुण्याला आली आणि नाक्यानाक्यावर त्यांची हॉटेलं उभी राहिली. आपल्या भागातून मुंबईला पोटासाठी गेलेल्या माणसांना इराण्याचा चहा आणि ब्रून-मस्का चांगला ठाऊक. कोण कुठल्या जातीचा, हे न विचारता तिथे बसायला खुर्ची मिळायची.

त्यांतलेच एक रशीद कोहिनूर. १९२३ साली त्यांनी मुंबईत बॅलार्ड इस्टेटला ‘ब्रिटानिया’ सुरू केलं. मुलगा बोमन यांनी ते पुढे चालवलं. नव्वदी ओलांडली तरी बोमनशेट स्वतः टेबलापाशी येत, आपुलकीने चौकशी करत, ऑर्डर लिहून घेत. २५ सप्टेंबर २०१९ रोजी, ९७ व्या वर्षी ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. ज्या बेरी पुलावासाठी लोक लांबून यायचे, तो मात्र त्यांच्या पत्नी बचन यांनी आणलेला. इराणी पद्धतीचा पुलाव, त्यातली झरेश्क नावाची आंबटगोड लाल फळं तिकडचीच. पण मसाला त्यांनी इथल्या जिभेला रुचेल असा घातला. सासरी आल्यावर माहेरची आमटी आपण सगळ्याजणी अशीच थोडी थोडी बदलत नेतो, नाही का?

चिटच्या भोजनमंडपात रांधणारं कोण होतं, धान्य कोण निवडत होतं, हे दगडावर कोरलेलं नाही. बचनबाईंचं नाव निदान पुलावाबरोबर घेतलं जातं.

तेव्हा जुन्नरला जरूर जा. पायात घट्ट चपला आणि बरोबर पाणी असू द्या. लेण्याद्रीवर माकडं फार, खाऊची पिशवी उघडी धरू नका. दुपारी मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी खा. नावात मासा असला तरी ही बेसनाची, तीळ-खोबऱ्याच्या सारणाची वडी. शाकाहारी मैत्रिणींनी बिचकू नये.

आणि परतताना स्टँडवर चहाला थांबलात, तर गल्ल्यावरच्या माणसाकडे जरा बघा. तो कर्नाटकातून आलेला असला की आपण सरसकट ‘अण्णा’ म्हणतो, राजस्थानातला असला की ‘शेट’. पंधरा पंधरा वर्षं त्याच्या हातचा चहा पिऊनही त्याचं गाव कुठलं, पहाटे इडलीचं पीठ कोण वाटतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. गर्दी नसेल तेव्हा विचारा. त्याचं नाव विचारा, आणि आत काम करणाऱ्या त्याच्या बायकोचंही.