न सांगितलेली गोष्ट

'लाइट इन द पियाझा' (१९६२) हा चित्रपट प्रेमकथा म्हणून ओळखला जातो. फ्लॉरेन्सचे चौक, पुतळे आणि दोन देखणे तरुण जीव पाहता त्यात वावगे काही नाही. आमचे लक्ष मात्र दरवेळी त्या मुलीच्या आईकडेच राहिले.

क्लारा सव्वीस वर्षांची. लहानपणी तट्टाची लाथ डोक्याला बसली आणि तिची समज दहा वर्षांच्या मुलीएवढीच राहिली. आई तिला घेऊन अमेरिकेहून इटलीत आली आहे. फाब्रिझिओ क्लाराच्या प्रेमात पडतो, तेव्हा आई आधी तिला घेऊन रोमला पळ काढते. पण वडिलांच्या मनात मुलीला संस्थेत ठेवायचे आहे हे कळल्यावर तीच लग्नाच्या खटपटीला लागते. मुलाकडच्यांना सत्य सांगत नाही.

ज्या लघुकादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, ती एलिझाबेथ स्पेन्सर या मिसिसिपीच्या लेखिकेने १९६० साली प्रसिद्ध केली. तिची खरी करामत आम्हाला भाषेच्या वापरात दिसते. परक्या भाषेत बोलणारा प्रत्येकजण थोडा पोरकट होतोच. शब्द तोकडे, हसू फार. फाब्रिझिओचे मोडके इंग्रजी आणि क्लाराचे निरागस बोलणे एकाच पातळीवर येतात. मायदेशी जे व्यंग ठरले, ते इथे गोडवा ठरते.

आणि मग तो कागदपत्रांचा प्रसंग. क्लाराचा पासपोर्ट पाहून मुलाचे वडील तडकाफडकी निघून जातात. गुपित फुटले, असे वाटून आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. प्रत्यक्षात त्यांना खटकलेले असते ते एवढेच, की मुलगी मुलापेक्षा वयाने मोठी आहे. आई हुंडा वाढवून देते आणि प्रश्न मिटतो! मराठी वाचकाला इथे तळटीप लागू नये.

आईचे काम केलेल्या ऑलिव्हिया डी हॅविलँडने १९४९च्या 'द एअरेस'मध्ये कठोर बापाच्या धाकातली मुलगी रंगवली होती. तो बाप लग्न मोडू पाहतो, ही आई जमवते. दोघेही मुलीच्या वतीने स्वतःच ठरवतात. म्हणून या आईने शेवटी मुलीला 'मोकळे केले', हे सर्रास ऐकू येणारे मत आम्हाला पटत नाही. तिचे मौन हाच तिच्या जपणुकीचा सर्वांत मोठा हट्ट आहे. फाब्रिझिओला कुणी काही सांगत नाही आणि आपल्याविषयी काय लपवले जाते आहे, हे क्लाराला ठाऊक नाही. आपल्याकडे एवढी गोष्ट दडवून लावलेले लग्न फसवणुकीच्या कारणावरून न्यायालयात रद्द होऊ शकते. पण तिने सांगितले असते, तर पुढे ती संस्थाच होती, हेही विसरून चालणार नाही.

लग्न लागल्यावर आई म्हणते, की आपण केले ते योग्यच केले. ती हे कुणाला सांगते आहे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.