समेच्या अलीकडे

गवयाचे व्यक्तिचित्र ही एकट्या छायाचित्रकाराची निर्मिती होय, असे मानण्याचा प्रघात जुना आहे. स्टुडिओत, जेथे प्रकाशाचा सारा बंदोबस्त आपल्या हाती असतो आणि समोरचा मनुष्य आपण सांगू तशी मान वळवतो, तेथे या समजुतीत काही तथ्य असेलही. परंतु संगीतकाराच्या बाबतीत ती टिकत नाही, कारण त्याची खरी मुद्रा त्याच्या कलेबाहेर क्वचितच प्रकट होते, आणि कला तर कोणाच्या हुकमाने क्षणभरही थांबून राहत नाही. म्हणून या कामात छायाचित्रकाराने आपली जागा साथीदारांमध्ये शोधावी, हे माझे अनेक वर्षांच्या व्यवसायातून बनलेले मत आहे.

साथीची पहिली अट श्रवण ही आहे. मैफलीपूर्वी आतल्या खोलीत तंबोरे जुळत असतात. पंचमाची तार, मग जोडीच्या दोन तारा, शेवटी खर्ज, असा क्रम चाललेला असतो, आणि घोडीवर तारेखाली घातलेला दोरा केसभर पुढे-मागे सरकवून गायक जवारी उघडण्याची वाट पाहत असतो. त्या वेळी त्याचे डोळे उघडे असून कोठेच पाहत नसतात, सारे अवधान कानाशी एकवटलेले असते, आणि चारचौघांसमोर धारण करण्याचा चेहरा त्याने अद्याप धारण केलेला नसतो. माझी मला प्रिय असलेली बहुतेक चित्रे या वेळची आहेत. मात्र ती मिळण्यासाठी त्या खोलीत बसण्याची मुभा लागते, आणि ती आपल्या शांतपणे बसण्यावरून गायक मनोमन देतो किंवा नाकारतो.

मैफल सुरू झाली की साथीचा दुसरा धर्म पाळावा लागतो, तो मौनाचा. विलंबित आलापीत, जेव्हा एका स्वराभोवती सगळी सभा निःशब्द होऊन बसलेली असते, तेव्हा शटरचा तो कोरडा खटका तबल्यावर अवेळी पडलेल्या थापेइतकाच बेसूर असतो. आता आवाज न करणारे कॅमेरे आले आहेत, तरीही आलापीतील संयमाचा जाबता मी मोडलेला नाही. कारण समोर सतत हलणारा छायाचित्रकार गायकाच्या अनुसंधानात आड येतो, त्याचे यंत्र मुके असले तरी.

आणि मग सम. आरसा असलेल्या कॅमेऱ्याची रचना अशी, की कळ दाबताच आतला आरसा वर उचलला जातो, दर्शिकेत अंधार होतो, आणि त्या अंधाराच्या अवधीतच प्रकाश फिल्मवर पोहोचतो. म्हणजे छायाचित्रकार आधीचे आणि नंतरचे सारे पाहतो, फक्त जो क्षण तो टिपतो तोच त्याला दिसत नाही. सम दिसल्यावर कळ दाबणाऱ्याच्या हाती समेनंतरचा सैलावलेला चेहरा येतो. तीनतालाच्या सोळा मात्रा अंगात मुरलेल्या असतील, नवव्या मात्रेवरची खाली कानाला आपोआप कळत असेल आणि बंदिशीचा मुखडा कोठून उठतो हे ध्यानात असेल, तरच बोट समेच्या किंचित अलीकडे हलते. न पाहता, केवळ लयीवरील विश्वासाने केलेली ही कृती आहे. आणि हा विश्वास गायकाने आपल्या मांडणीतून आपल्याला दिलेला असतो.

तबलावादकाच्या चित्रात तर लयच प्रश्न होऊन उभी राहते. १/५०० सेकंदाच्या वेगाने घेतलेल्या चित्रात बोटे कोरीव आणि स्पष्ट येतात, पण त्यांतले वादन नाहीसे होते. १/३० ठेवला तर चेहरा स्थिर राहून बोटांचे धुके होते, आणि त्या धुक्यात गती शिल्लक राहते. मी बहुधा धुके पत्करतो.

अशा सहयोगाचे आपल्या देशातील उत्तम उदाहरण म्हणजे तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन आणि छायाचित्रकार दयानिता सिंग. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना सिंग यांनी झाकीरभाईंची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला, त्यांच्याबरोबर दौऱ्यांवर प्रवास केला, आणि त्यातून १९८६ साली सिंग यांचे पहिले पुस्तक निघाले. त्या पुस्तकाचा हाताने जुळवलेला मूळ नमुनाही २०१९ मध्ये जसाच्या तसा प्रकाशित झाला. एका विद्यार्थिनीला मुंबईच्या या कलावंताने आपल्या रियाजाच्या, प्रवासाच्या आणि घरच्या वेळांत प्रवेश दिला, आणि एकाग्रतेचा धडा तिने कोणा छायाचित्रकाराकडून न घेता त्याच्याकडून घेतला. पुढे २०२२ चा हासेलब्लाड पुरस्कार मिळालेल्या या छायाचित्रकार झाकीरभाईंचा उल्लेख गुरू म्हणून करतात, यातच या नात्याचे मर्म आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. त्या चित्रांचे मोल आता दस्तऐवजाचेही झाले आहे.

साथ मैफलीबरोबर संपत नाही. चित्रांची निवड मी गायकासमोर बसून करतो. एका ज्येष्ठ गायिकेने तानेच्या आवेशातील, मला अत्यंत प्रभावी वाटलेली चित्रे बाजूला सारून एक साधे चित्र उचलले. त्यात त्या समेवर येण्यापूर्वी तबलजीकडे पाहत होत्या. “इथं आम्ही दोघं आहोत,” एवढेच त्या म्हणाल्या. मी तेच छापले. आवेशाची चित्रे कंठाचे सामर्थ्य सांगत होती, हे चित्र गाणे कसे घडते ते सांगत होते. आणि त्यातला भेद गाणाऱ्यावाचून मला कोण दाखवणार होते?

म्हणून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांना माझा आग्रह असतो, की नवी भिंगे घेण्यापूर्वी त्यांनी एखाद्या तबलजीकडे बसून ठेका हातावर धरायला शिकावे, विलंबित एकतालात न चुकता समेवर येता येईल इतका तो पक्का करावा, आणि जे टिपले ते प्रथम त्या कलावंताला दाखवावे. तंत्राची उणीव पुढे भरून काढता येते. समोरच्याच्या लयीत आपला श्वास मिळवण्याची तयारी नसेल, तर उत्तमोत्तम यंत्रही केवळ एका माणसाच्या तोंडवळ्याची नोंद करील, आणि गाणारा त्या चित्राबाहेरच राहील.