अधमर्ण

संस्कृतांत ऋण देणाऱ्यास ‘उत्तमर्ण’ म्हणतात व घेणाऱ्यास ‘अधमर्ण’ म्हणतात. ३६ वर्षें शाळेंत संस्कृत व अंकगणित शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें, आणि तितकीं वर्षें आम्ही हे दोन शब्द फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहीत आलों. ज्याचें देणें लागतें त्या उत्तमर्णाची चतुर्थी होते, हा पाणिनीचा नियम आमच्या विद्यार्थ्यांस झोपेंत विचारला तरी सांगतां येत असे. परंतु एकास उत्तम व दुसऱ्यास अधम ठरविणारे हे शब्द एखाद्या कोंवळ्या मनावर काय घाव घालतील, हा विचार आम्हांस कधीं शिवला नाहीं. तो शिवण्यास गेल्या वर्षींचा एक प्रसंग कारण झाला. आमच्या हातून घडलेला प्रमाद त्यांत आहे, म्हणून तो सांगण्यास संकोच वाटतो. तथापि ज्या वाचकांच्या घरीं सोळा-सतरा वर्षांचीं मुलें आहेत, त्यांच्यासाठीं तो सांगणें अवश्य आहे.

आम्ही चिंचवडास राहतों. शेजारीं पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागाहून मोटारींचे कारखाने आले, आणि ज्या चाकणास पूर्वीं संग्रामदुर्ग व कांद्याचा बाजार एवढेंच ठाऊक होतें, तेथपर्यंत आतां कारखान्यांच्या रांगा लागल्या आहेत. पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या पोरसवदा कामगारांना भरून नेतात व रात्रीं आणून सोडतात. मिसरूड फुटतें न फुटतें तोंच हातीं पगार येतो, आणि पगाराच्या वासानें सावकारही येतो.

आमच्या आळींतील एका गृहस्थांचा मुलगा आय. टी. आय.चा अभ्यासक्रम पुरा करून चाकणला उमेदवारी करीत होता. लहानपणीं तो आमच्याकडे गणितास येई. अठरा वर्षें पुरीं होण्यास त्यास चार महिने अवकाश होता. एके दिवशीं संध्याकाळीं तो आला व नमस्कार करून म्हणाला, “गुरुजी, तीन हजारांवर सात दिवसांचें व्याज दोन हजार असेल, तर वर्षाचा दर कसा काढावयाचा?”

जुना विद्यार्थी आपण होऊन गणित विचारतो, याचा आम्हांस कोण आनंद झाला! आम्हीं कागद पुढें ओढला व रीत मांडून दाखविली. सरळ व्याजानेंही दर वर्षास शेकडा ३४०० च्या वर गेला. आम्ही हंसलों आणि म्हणालों, “अरे, गणितांत तरी संभवनीय आंकडे घ्यावेत! असा मूर्ख अधमर्ण तुला कोठें सांपडणार?” आणि एवढ्यावर न थांबतां अंथरूण पाहून पाय पसरण्यासंबंधीं चार शब्द ऐकविले. त्यानें कागदाची घडी करून खिशांत ठेवली, आमच्या पायां पडला, आणि निघून गेला.

दीड महिन्यानें एके दिवशीं दुपारीं आमच्या फोनवर त्याचें छायाचित्र आलें. खालीं ‘हा चोर आहे, यानें पैसे बुडविले’ असा मजकूर होता. आणि दुसऱ्या एका छायाचित्रांत त्याचें तोंड एका निर्लज्ज चित्रास चिकटविलेलें होतें. त्याच्या फोनांत ज्यांचे ज्यांचे क्रमांक होते, त्या सर्वांस हें गेलें होतें. त्यांत त्याचे वडील होते, मामा होते, कारखान्यांतले उस्ताद होते, आणि त्याचे गुरुजीही होते.

आम्ही तसेच त्याच्या घरीं गेलों. मुलगा सकाळपासून बेपत्ता होता. त्याच्या एका मित्राच्या सांगण्यावरून रात्रीं अकराच्या सुमारास तो आळंदीस इंद्रायणीच्या घाटावर बसलेला सांपडला. तेथें तो कशासाठीं गेला होता, हें त्यास कोणीं विचारलें नाहीं. त्यानेंही सांगितलें नाहीं. वडिलांनीं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हां तो लहान मुलासारखा रडूं लागला.

मूळ गोष्ट किती क्षुल्लक होती पाहा! मित्राची मोटारसायकल चालवितांना मोशीजवळ तो घसरला. दुरुस्तीस तीन हजार हवे होते, व वडिलांस सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. फोनवरच्या एका ॲपनें पांच हजार मंजूर केले, दोन हजार ‘शुल्क’ म्हणून आधींच कापून तीन हजार दिले, आणि सात दिवसांनीं पांच हजार मागितले. ते फेडण्यास दुसरें ॲप, तें फेडण्यास तिसरें. आणि शेवटीं कारखान्याबाहेरच्या टपरीवर बसणारा एक ‘भाई’. त्यानें महिना दहा टक्क्यांनीं दहा हजार दिले, पहिला हप्ता कापून नऊ हजार हातावर ठेवले, आणि मुलाचें ए. टी. एम. कार्ड आपल्या खिशांत घातलें. असा व्यवहार दहा महिने चालला, तर ऋणकोनें दहा हजार भरलेले असतात आणि दहा हजारांचें मुद्दल जसेंच्या तसें उभें असतें.

तुरुणांच्या जगांतील ही विटंबना केवळ आमच्याकडेच आहे असें नाहीं. दक्षिण कोरियांत शाळकरी मुलें व सावकारी या विषयावर बोलपट निघतात, आणि तेथील सरकारला २०२१ च्या जुलैपासून व्याजाची कमाल मर्यादा शेकडा २० वर आणावी लागली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या समितीला २०२१ सालीं उधारीचीं सुमारें ११०० ॲप आढळलीं. त्यांतलीं सुमारें ६०० बेकायदा होतीं. पुढें २ सप्टेंबर २०२२ रोजीं बँकेनें नियम केले, कीं कर्जाचा पैसा परवानाधारक संस्थेकडून थेट ऋणकोच्या खात्यांत जावा, खर्चासह वर्षाचा दर आधीं सांगावा, आणि ॲपनें फोनांतील क्रमांकांच्या यादीस हात लावूं नये. टपरीवरच्या भाईसाठीं महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. विनापरवाना सावकारीस पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. ऋणकोस छळणें हाही गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करतां येते. शिवाय अज्ञान मुलाचा करार मुळांतच रद्द, हें तर प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं कलकत्त्याच्या धर्मोदास घोष यांच्या खटल्यांत ठरविलें. त्या खटल्यांतही एक अल्पवयी तरुण व एक सावकारच होता.

आमच्या शास्त्रकारांसही हें कळत होतें. कौटिल्यानें धर्म्य व्याज दरमहा शेकडा सव्वा सांगितलें आहे, आणि व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये हा दामदुपटीचा नियम तर इंग्रजी अमदानींतील मुंबईच्या न्यायालयांनींही मानला. हे नियम पायाखालीं तुडविले गेले, म्हणूनच १२ मे १८७५ रोजीं याच पुणें जिल्ह्यांत सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. परंतु सुप्याचे ऋणको एकत्र होते. प्रत्येकाचें कर्ज साऱ्या गांवास ठाऊक होतें. आजचा सतरा वर्षांचा ऋणको रात्रीं पांघरुणांत फोन घेऊन एकटा असतो. नवा सावकार जें तारण घेतो तें शेत किंवा दागिना नव्हे, तर लाज होय. आणि लाज जितकी अधिक, तितकें त्याचें तारण मोलाचें.

येथेंच आमचा प्रमाद आहे. चक्रवाढ व्याजाचीं शेंकडों उदाहरणें आम्हीं मुलांकडून सोडवून घेतलीं. त्या प्रत्येकांत सावकारास किती मिळेल, हेंच काढावयाचें असे. देणारा तें कोठून आणील, हा प्रश्न आम्हीं एकदांही घातला नाहीं. तो मुलगा त्या दिवशीं आमच्याकडे गणित घेऊन आला नव्हता, संकट घेऊन आला होता. आम्हीं त्यास उत्तर बरोबर दिलें, आणि दार बंद केलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघेही पोलिसांत गेलों. १९३० या क्रमांकावर फोन केला, बँकेंत जाऊन कार्ड बंद करविलें, आणि निबंधकांकडे अर्ज दिला. चौकशी चालू आहे. मुलगा पुन्हा कामावर जातो. त्याच्या उस्तादांनीं तें छायाचित्र पुसून टाकलें, आणि त्याविषयीं एक अक्षरही उच्चारलें नाहीं. त्या गृहस्थांचे आम्ही सर्व ऋणी आहोंत. रविवारीं आळींतलीं आठ-दहा मुलें आमच्या ओटीवर जमतात. तेथें आम्ही व्याजाचीं उदाहरणें घालतों, परंतु आतां ऋणकोच्या बाजूनें.

आमच्या चिंचवडाहून देहू फार दूर नाहीं. तुकोबांच्या घरीं महाजनकी होती. विशी नुकतीच ओलांडलेल्या त्या तरुणानें दुष्काळानंतर आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, असें चरित्रकार सांगतात. लहानपणापासून ही कथा आम्ही वैराग्याची म्हणून ऐकत आलों. त्या रात्रीं घाटावर उभें असतांना तिचा दुसरा अर्थ कळला. इंद्रायणींत बुडावयाचीं तीं खतें, मुलें नव्हेत. वाचकहो, तुमचा मुलगा एखाद्या संध्याकाळीं जवळ येऊन व्याजाचें विचित्र गणित घालील, तर उत्तर मागाहून द्या. आधीं त्यास जवळ बसवून घ्या.