दोष पाण्याचा की पॉलिमरचा

"तुमचं पाणीच खारं हाय भाऊ, मालाले नावं नोका ठेऊ." कृषी केंद्रवाल्याचं हे वाक्य अजून सलतं. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथं काहीही बिघडलं की पाण्याकडे बोट दाखवायची सोय आहे. पीक पिवळं पडलं, पाणी. माणसाची किडनी गेली, पाणी. यात तथ्य आहेच, म्हणून तर हे निमित्त कोणालाही पुरतं.

कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की मी पहिली फवारणी निंबोळी तेलाची घेतो. तेल पाण्यात मिसळावं म्हणून सोया लेसिथिन आणि थोडं स्टिकर. लेसिथिन आपल्याच सोयाबीनचं. कच्च्या तेलात पाणी घालून डिंक वेगळा काढतात, तो वाळवला की हे तपकिरी, चिकट फॉस्फोलिपिड हाती येतं. बोटाला लागलं तर साबणानेही लवकर सुटत नाही. स्टिकर आणि ते मिळून तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतात आणि दुधी पाणी फवारणी संपेस्तोवर तसंच राहतं.

त्या साली पावसाची उघडीपच नव्हती. दुकानदाराने एक बाटली पुढे केली. हे पॉलिमर टाका, पावसाने औषध धुऊन जात नाही. टाकलं. चहा पिऊन येतो तर ड्रममध्ये वर पिवळट साय आणि खाली जवळपास नितळ पाणी. गड्याने काडीने ढवळलं, पुन्हा दूध झालं. पंप पाठीवर घेऊन दोन तासं जाईस्तोवर आत परत फाटलं. पंप पाणी ओढतो तळातून. म्हणजे सुरुवातीच्या झाडांना नुसतं पाणी मिळालं आणि शेवटच्या झाडांवर घट्ट तेल पडलं. ऊन निघताच त्यांची पानं करपली. मावा मात्र शाबूत.

दुकानात गेलो तेव्हा ते खाऱ्या पाण्याचं ऐकवलं गेलं. मी बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं होतं, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. पण मला माहीत होतं! पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी धरलं, पारदर्शक बाटल्या घेतल्या. विहिरीच्या पाण्यात तेल, लेसिथिन, स्टिकर. पावसाच्या पाण्यात तेच. मग दोन्हींत पॉलिमर घालून वेगळ्या. बिनपॉलिमरच्या दोन्ही संध्याकाळपर्यंत दुधी राहिल्या. पॉलिमरवाल्या दोन्ही फाटल्या, पावसाच्या पाण्यातलीसुद्धा.

बाटल्या पिशवीत घालून नेल्या, काउंटरवर ओळीने मांडल्या. दुकानदाराने एकीलाही हात लावला नाही. "कंपनीवाल्याले दाखवा." कंपनीवाला आठवड्याने आला, मोबाइल बघत बघत म्हणाला, बाटलीत हलवणं वेगळं, शेतात वेगळं. अहो, शेतात झालं म्हणून तर बाटलीत केलं! त्याने बाटल्यांचे फोटोही काढले नाहीत. पक्कं बिल होतं तरी पैसे परत नाहीत, दुसरी बाटली नाही, साधं 'बघतो' नाही. चार चौघांसमोर पुन्हा पाणीच. त्या पैशांपेक्षा मला हेच जास्त लागलं.

पॉलिमरने मिश्रण का फाटतं, ते 1954 मध्ये असाकुरा आणि ओसावा या जपानी शास्त्रज्ञांनी मांडून ठेवलंय. पाण्यात विरघळलेले पॉलिमरचे लांब रेणू थेंबाला चिकटत नसतील, तर दोन थेंब जवळ आले की मधल्या फटीत ते मावत नाहीत. बाहेरून मात्र त्यांचा दाब असतोच. शेगावच्या पालखीत दोन जाडजूड माणसं जवळ आली की मध्ये कोणी शिरू शकत नाही आणि बाकीची गर्दी त्यांना एकमेकांवर ढकलते, तसं. थेंबांचे घोस होतात आणि हलकं तेल झपाट्याने वर येतं.

आता खरं सांगायचं तर खाऱ्या पाण्याची बाटली पावसाच्या पाण्यापेक्षा लवकर फाटली होती. लेसिथिनमुळे थेंबांवर जो विद्युतभार असतो, ज्याने ते एकमेकांना लांब ठेवतात, तो क्षारांनी झाकला जातो. तेव्हा दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. आणि दुसरी गंमत म्हणजे, पॉलिमर बरंच वाढवलं तर मिश्रण इतकं दाट झालं की थेंबांना वर यायलाच जमेना. फाटलं नाही, पण नोझलमधून फवाराही नीट उडेना, धारच लागली.

बाटलीवर आत कोणतं पॉलिमर आहे, हे कुठेच छापलेलं नव्हतं. ते कशात मिसळू नये, हेही नव्हतं. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा औषधांच्या मिश्रणांवर किती बोललं गेलं! आपण अजूनही एका पंपात चार-पाच वस्तू ओततो आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघतो. आधी बाटलीत करून बघा, अर्धा तास ठेवा. भुकटी आधी, तेलकट औषध नंतर, स्टिकर शेवटी. आणि नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, काडी घ्या.

माझा चुलतभाऊ तेच पॉलिमर नुसत्या बुरशीनाशकात घालतो, तेल नाही की लेसिथिन नाही. सरीनंतर त्याच्या सोयाबीनच्या पानांवर मी औषधाचे डाग बघितलेत. टिकतं, हे कबूल करावं लागतं. दुकानही तेच, कारण पेरणीच्या वेळी उधारी तिथंच मिळते.