पाच हजारांतला एक थेंब

अन्नातले घातक जिवाणू ओळखणारे बायोसेन्सर बनवणं हे माझं काम. "किती मिनिटांत उत्तर मिळतं?" हा प्रश्न हमखास येतो. त्याआधी विचारायला हवं ते हे: सेन्सरवर टाकलेला थेंब आला कुठून?

पनीरचं उदाहरण घ्या. मानक सांगतं की 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला अजिबात नसावा. हा नमुना आम्ही 225 मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये मिसळतो. सेन्सरवर पडतो 50 मायक्रोलिटरचा थेंब. सगळ्या मिश्रणाचे असे सुमारे पाच हजार थेंब होतात. जिवाणू एकच असेल, तर तो त्यांतल्या एकाच थेंबात. बाकीच्यांवर कितीही तीक्ष्ण सेन्सर 'नाही'च म्हणणार.

म्हणून नमुना आधी 37 अंशांवर साधारण 18 तास उबवावा लागतो. उष्णतेने, मिठाने अर्धमेले झालेले जिवाणू तेवढ्यात सावरतात, वाढतात. जुन्या पद्धतीत त्यापुढे निवडक माध्यमं, प्लेटवरच्या काळ्या मध्याच्या वसाहती आणि मग खातरजमा, असे चार-पाच दिवस लागतात. सेन्सर वाचवतो ते पुढचे दिवस. पहिली रात्र टळत नाही.

आता सेन्सरमधल्या इलेक्ट्रोडकडे बघू. सोन्याच्या पृष्ठभागावर अँटिबॉडी बसवायची, मधल्या मोकळ्या जागा अल्ब्युमिनने झाकायच्या. जिवाणू अडकला की विद्युतरोध वाढतो. स्वच्छ बफरमध्ये आलेख सुरेख येतो. पनीरच्या पाण्यातलं केसिन आणि स्निग्धांश मात्र त्याच पृष्ठभागाला चिकटतात आणि रोध तसाच वाढवतात. त्यावर उपाय म्हणजे अँटिबॉडी लावलेले चुंबकीय मणी. नळीला चुंबक लावला की तपकिरी मणी पकडलेल्या जिवाणूंसह एका बाजूला गोळा होतात आणि पांढुरकं पाणी काढून टाकता येतं. शेजारी साल्मोनेलाशी संबंध नसलेल्या अँटिबॉडीचा दुसरा इलेक्ट्रोडही हवाच. दोन्हींतला फरक तोच खरा संकेत.

चुकीच्या 'आहे'मुळे माल अडकतो. चुकीच्या 'नाही'मुळे कुणाचं तरी मूल तापाने फणफणतं. मला या दुसऱ्या चुकीची धास्ती जास्त वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बफरमधल्या आलेखावर विसंबू नका, बाजारातलं पनीर आणून तपासा. आणि किती कमी जिवाणू सापडले हे लिहाल, तिथेच ते किती ग्रॅम अन्नातून सापडले हेही लिहा.