आळ्यांचे रथ

कोबे शहरी नोकरीनिमित्त माझे वास्तव्य असताना शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला आग्रहाने सांगितले होते की, क्योतोचा गिओन उत्सव पाहावयाचा तर १७ जुलैच्या मिरवणुकीपुरते जाऊन परत येऊ नये, रथ बांधले जातात तेव्हापासूनच जावे. आणि त्यांचा हा सल्ला शिरोधार्य मानून मी सान्नोमियाहून आगगाडीने निघालो, जुसोला गाडी बदलली आणि कारासुमाच्या भुयारी स्थानकातून शिजो रस्त्यावर आलो, तो पेढ्यांच्या आणि दुकानांच्या दारांसमोर, भर रस्त्यातच, लाकडाचे प्रचंड सांगाडे उभे राहत होते.

सांध्याला खिळा ठोकावयाचा नाही, सगळा भार गवती दोरांनी आवळून तोलावयाचा, असा येथला दंडक आहे. एक कारागीर वेढा घेई, दुसरा लाकडी मोगरीने तो ठोकून बसवी, आणि वेढ्यावर वेढा चढता चढता त्या बांधणीला पंख पसरलेल्या फुलपाखराची आकृती येई, जी दोन दिवसांनी भरजरी पडद्यांखाली झाकली जाणार हे त्या सर्वांनाच ठाऊक होते. दोर थोडा लवतो म्हणूनच चालत्या रथाचे हेलकावे सांगाडा सोसतो. मोठ्या रथांची उंची डोलकाठीसह सुमारे २५ मीटर आणि वजन १२ टनांच्या आसपास असते. डोलकाठी बसवण्यासाठी सांगाडा आडवा निजवितात आणि मग दोरखंडांनी ओढून तो पुन्हा उभा करतात. त्या वेळी आळीतली म्हातारी माणसे श्वास रोखून पाहत होती.

या सर्व खटाटोपाचे मूळ महामारीत आहे. इ. स. ८६९ मध्ये रोगराई माजली असता, अन्यायाने मेलेल्यांचे आत्मे कोपले आहेत अशा श्रद्धेने, त्या वेळच्या ६६ प्रांतांच्या नावे शिन्सेनएन उद्यानात ६६ भाले उभारून शांती करण्यात आली. पुढे ज्या गोझु तेन्नो देवतेशी हा उत्सव निगडित झाला, ती आपल्या श्रावस्तीच्या जेतवन विहाराची रक्षक मानली जाई. अनाथपिंडिकाने सुवर्णमुद्रा अंथरून घेतलेल्या त्या उपवनाचे स्मरण इतक्या दूर जपले गेलेले पाहून माझे मन भरून आले. १८६८ मध्ये मेइजी सरकारने बौद्ध आणि शिंतो यांची फारकत केली, तेव्हापासून त्या देवतेच्या देवळाला यासाका म्हणतात.

मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी रथांपुढे कागदी कंदिलांच्या माळा लागल्या, वर बसलेल्या वादकांच्या झांजा वाजू लागल्या, आणि आळीतली मुले बांबूच्या पानांच्या जुड्या विकू लागली. सोमिन शोराई नावाच्या दरिद्री माणसाने वाटसरू देवाला आसरा दिला, म्हणून त्याच्या वंशजांना रोगापासून अभय मिळाले अशी कथा आहे. तेव्हा आपण त्याचेच वंशज आहोत असे लिहिलेली ही जुडी वर्षभर दारावर टांगतात. मीही एक घेतली.

१७ तारखेला सकाळी नागिनाता-होको हा रथ नेहमीप्रमाणे अग्रभागी निघाला. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा क्रम चिठ्ठीने ठरलेला असतो, आणि वाटेत त्यांच्या आळीचा मुखत्यार पेटीतील ती चिठ्ठी रीतसर रुजू करतो. कान्को-होकोच्या दर्शनी भागावर बायबलातील रिबेका पाणी देत होती. हे मुळात फ्लँडर्सचे सोळाव्या शतकातील विणकाम. परंतु मला खिळवून ठेवले ते कावारामाचीच्या कोपऱ्याने. रथाची चाके वळत नाहीत. म्हणून चाकांखाली चिरलेले बांबू अंथरतात, त्यांवर पाणी ओततात, पुढे उभे असलेले चौघे पंखे उंचावून इशारा देतात आणि माणसे दोर आडवा ओढतात, तेव्हा ते अजस्र धूड करकरत, एकेका हिसक्यासरशी, काटकोनात फिरते. छपरावरचे लोक तारा आणि आगाशा चुकवीत बाहेर झुकलेले असतात.

हा उत्सव मुळात आळ्यांचा, हे मला क्योतोतच नीट उमगले. १५३३ साली शोगुनशाहीने तो थांबविण्याचा हुकूम काढला, तेव्हा आळ्यांनी अर्ज केला की देवळातील विधी नसले तरी चालतील, पण रथ फिरवू द्यावेत. रथ फिरून आले की त्याच दिवशी उकलले जातात, कारण वाटेत गोळा झालेली इडापीडा त्यांच्यात राहू नये.

२४ तारखेच्या दुसऱ्या मिरवणुकीसाठी मी पुन्हा गेलो, ते मुद्दाम ताकायामा नावाचा रथ पाहावयाला. १८२६ च्या वादळात तो मोडला आणि पुढे १८६४ च्या आगीत बहुतेक सामान भस्मसात झाले. उरली ती तीन मूर्तींची मस्तके आणि हात. तरीही सान्जो रस्त्याजवळच्या त्याच्या आळीने रथ नसताना, दरवर्षी मिरवणुकीच्या आदल्या रात्री, पिढ्यान्‌पिढ्या ती मस्तके मांडून ठेवली, आणि २०२२ साली, १९६ वर्षांनी, ताकायामा पुन्हा निघाला. आळीतल्या एका काकांना मी विचारले की, ज्यांनी तो कधीच पाहिला नव्हता त्यांना एवढी आस कशी वाटली. ते म्हणाले, आजोबांनी मस्तकांची पेटी सोपवली तेव्हा त्यांनीही रथ पाहिलेला नव्हता. पण पेटी कोणाची, याविषयी मात्र घरात कधी दुमत झाले नाही.