उमेदवार जनुक

गेल्या वर्षी एमएस्सीचा प्रबंध पूर्ण करण्यासाठी मी चेन्नईजवळच्या ओरगडम येथे दादाकडे राहिले होते. दादा तेथील मोटारींच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मी मात्र एकही उंदीर न पाहता उंदरांवर संशोधन करीत होते.

सख्ख्या भावंडांचे मीलन सलग २० पिढ्या घडवले की उंदरांचा अंतःप्रजनित वाण सिद्ध होतो. त्यातील सर्व उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. अशा अनेक वाणांचे जीनोम व गुणधर्म संशोधकांना खुले आहेत. गुणधर्म बदलतो तेथे जीनोमचा कोणता भाग बदलतो, हे संगणक शोधतो. ए/जे, बाल्ब/सी, एकेआर हे पांढरे वाण इतर रंगीत वाणांशी ताडून पाहिले, तर शोध टायरोसिनेजच्या जनुकापर्यंत पोचतो. रंगद्रव्य घडवणाऱ्या या विकराच्या जनुकात तिन्ही वाणांत एकच बदल आहे.

मी कोलेस्टेरॉलसाठी हेच केले आणि एक देखणा उमेदवार हाती लागला. प्रबंध सादर करण्यास पंधरा दिवस उरले होते. दादाला आलेख दाखवला. तो म्हणाला, "अगं, हे सगळे एकाच लॉटचे तर नाहीत? आमच्याकडे सदोष गाड्या एका लॉटच्या निघाल्या, तर त्यांचा पत्रा, रंग, स्क्रू सगळंच सारखं असतं. मग दोष स्क्रूचाच, हे कशावरून?"

मी वंशावळ उघडली. माझ्या एका गटात सी५७बीएल/६, सी५७बीएल/१०, सी५७एल आणि सी५८ होते. हे सारे ॲबी लॅथ्रॉप यांच्याकडील उंदरांपासून १९२१च्या सुमारास वाढवलेल्या कुळातले! नात्यागोत्याचा हिशेब धरून गणित पुन्हा मांडले, तेव्हा उमेदवार विरून गेला. जुना आलेख तसाच ठेवण्याचा मोह दोन रात्री छळत राहिला.

याच पद्धतीने अमेरिकेत मॉर्फीनच्या परावलंबनासाठी सेरोटोनिनच्या एका ग्राहीचे जनुक पुढे आले होते. पण संशोधक गणितावर थांबले नाहीत. त्या ग्राहीला रोखणारे ऑन्डॅनसेट्रॉन, म्हणजे आपल्याकडे उलटीवर देतात तेच औषध, त्यांनी आधी उंदरांत आणि मग माणसांत तपासले. मॉर्फीन तुटल्यावर होणारा त्रास त्याने कमी झाला. उमेदवारी तेथे कसोटीला उतरली.

माझ्या प्रबंधात त्या जनुकाचे नाव आहे, 'टिकला नाही' या नोंदीसह. पुढे कोणा विद्यार्थ्याचे पंधरा दिवस त्यामुळे वाचतील.